पायोडाइड प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी

ब्राउझरमध्ये पायथन चालवणारं पायोडाइड एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) घेतलंस की काम झालं, असं समजू नकोस. हे साधं पॅकेज नाही. वेबअसेंब्लीत (ब्राउझर थेट चालवू शकतो असं कोडचं रूप) कंपाइल केलेलं अख्खं सीपायथन (पायथनचं मूळ इंटरप्रिटर) आहे, म्हणजे पहिल्याच वेळी काही एमबी उतरणार. वर नमपाय, पांडाजसारखी आकडेमोडीची पॅकेजं घेतलीस तर आणखी भर. तेव्हा पान उघडताच लोड करू नकोस. वापरकर्त्याने ‘चालवा’ दाबल्यावर कर, आणि तेही वेब वर्करमध्ये, म्हणजे पानामागच्या वेगळ्या थ्रेडवर. मुख्य थ्रेडवर चालवलंस तर पायथनचं लूप संपेपर्यंत पान गोठतं.

मी पहिल्यांदा फसलो ते व्हर्जनमध्ये. पॅकेज एका आवृत्तीचं, सीडीएनचा (फाइली पुरवणारं बाहेरच्या सर्व्हरांचं जाळं) पत्ता दुसरीचा. दोन दिवस गेले. म्हणून नेमकी आवृत्ती लिही, आकड्याआधीचं ते कॅरेट चिन्ह (^) काढ, आणि पत्त्यातही तोच आकडा ठेव. शक्य असेल तर फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेव. शाळेच्या लॅबमध्ये बाहेरचा सीडीएन अनेकदा बंद असतो.

मायक्रोपिप (पायोडाइडमध्ये पॅकेजं बसवणारं साधन) शुद्ध पायथनची व्हील्स (बसवायला तयार पॅकेज फाइली) सहज बसवतं. सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला भाग) असलेलं पॅकेज मात्र पायोडाइडसाठी मुद्दाम बांधलेलं लागतं, ती यादी आधी तपास. आणि दहा ओळींची बेरीज-सरासरीच करायची असेल, तर जावास्क्रिप्टच लिही रे.