बियासाठी राखलेला दुधी

प्रश्न : गेल्या वर्षी गच्चीवरच्या बागेतील दुधी आणि टोमॅटोचे बी धरून यंदा पेरले. दुधीच्या एका वेलाची फळे कडू निघाली आणि टोमॅटोची रोपे एकसारखी आली नाहीत; एकाला लांबट फळे, तर दुसऱ्याला बारीक आणि आंबट. दुधीशेजारी कारल्याचा वेल होता. हा त्याचा परिणाम असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी एक कळकळीची सूचना करतो. कडू दुधी खाऊ नका आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नका. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो, शिजवल्याने तो जात नाही आणि कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावलेली आहेत. घरचा असो वा बाजारचा, दुधी चिरताना त्याची लहानशी फोड जिभेला लावून पाहावी आणि कडू लागली तर थुंकून सगळे फळ टाकून द्यावे. आपण तो वेल उपटून टाका. त्याचे बी धरू नका.

कारल्याकडे मात्र यात काहीही दोष जात नाही. दुधी आणि कारले एकाच कुळातले असले तरी त्यांचा आपसात संकर होत नाही. तंबोऱ्याला लागतो तो कडू भोपळा मात्र दुधीच्याच जातीचा आहे, आणि अशा एखाद्या वेलाचे परागकण कीटकांनी आपल्या गच्चीवर आणले असण्याचा संभव अधिक वाटतो. गेल्या वर्षी आपल्याला शंका आली नाही, कारण फळाचा गर मूळ वेलाचाच असतो आणि तो गोडच लागतो. भेसळ होते ती आतल्या बियात, आणि ती पुढच्या वर्षीच्या वेलावर दिसते.

म्हणून दुधी, दोडका, काकडी, भोपळा यांचे बी धरायचे तर परागीभवन आपल्या हाताने करावे. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढा दुधी आधीच दिसतो, नर फुलाचा देठ नुसताच लांब असतो. त्या दिवशी उमलतील अशा दोन्ही प्रकारच्या कळ्या दुपारी हेरून त्यांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधावीत. दिवेलागणीला नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, त्यातील पिवळी भुकटी मादी फुलाच्या मध्यभागी नीट लावावी, ते फूल पुन्हा बांधावे आणि देठाला रंगीत दोरा अडकवावा, म्हणजे घरातले कोणी भाजीसाठी ते फळ तोडणार नाही. ते वेलावरच निबर होऊ द्यावे. साल लाकडासारखी टणक झाली आणि हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले की मगच फळ फोडावे.

टोमॅटोची गोष्ट निराळी आहे. त्याचे परागीभवन बहुतेक आपल्याच फुलात होते, त्यामुळे शेजाऱ्याची भेसळ क्वचितच होते. आपण पहिल्यांदा पेरलेले बी बहुधा संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेले होते. पाकिटावर ‘एफ-१’ असे छापलेले असेल, तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात आणि रोपे अशीच नाना तऱ्हेची येतात. ‘पुसा रुबी’ टोमॅटो किंवा ‘परभणी क्रांती’ भेंडी यांसारखे सरळ वाण, म्हणजे ज्यांची पुढची पिढी मूळ झाडासारखीच येते असे वाण, अथवा गावरान बी मिळवून सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच घरांत चांगली फळे खाल्ली जातात आणि हंगामाच्या शेवटी उरलेली खुरटी बियासाठी राहतात. हे उलट व्हायला हवे. सर्वांत निरोगी झाड आधी निवडावे आणि त्यावरची उत्तम फळे बियासाठीच राखावीत. वांगे पिवळे पडेपर्यंत, मिरची लाल होईपर्यंत आणि भेंडी वाळून उकलू लागेपर्यंत झाडावर ठेवावी. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोचा गर भांड्यात पिळून दोन-तीन दिवस आंबू द्यावा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग पाणी घालून ढवळावे, तरंगणारे पोचट बी ओतून टाकावे आणि तळाशी बसलेले धुऊन ताटलीत सावलीत वाळवावे. कागदावर ते चिकटून बसते.

प्रश्न : आम्ही कोकणात राहतो. ठेवलेल्या वालाला भुंगा लागतो आणि भेंडीचे बी बुरशीने खराब होते. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बियाचा खरा शत्रू ओल आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते उन्हात वाळवूनही पावसाळ्यात पुन्हा ओलावा धरते. भोपळ्याचे बी वाकवल्यावर कट्‌कन मोडले, वाल दातांखाली न दबता फुटला, तर ते वाळले असे समजावे. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी कोरडे भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून बी भरावे आणि वाण व वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत घालावी. भुंग्याची अंडी बहुधा शेतातूनच आलेली असतात, म्हणून नीट वाळलेला वाल बाटलीसकट आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर बाटलीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर गार बियांवर दव धरते. चाळलेली कोरडी राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ही जुनी रीतही उपयोगाची आहे. कांद्याचे बी मात्र वर्षभरातच वापरावे. पेरणीपूर्वी 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. 15 उगवल्या तर निर्धास्त पेरावे, 8-10 उगवल्या तर दाट पेरावे.

प्रश्न : पिकाचे बी घरी धरून इतरांना देणे कायद्याने चालते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : चालते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखणे, पेरणे, अदलाबदल करणे आणि विकणे, हे सर्व हक्क आहेत. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून मात्र विकता येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीज बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेजारणीला मूठभर वाल द्यायला आपल्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.