रिपोर्टात पांढरे ठिपके, म्हणून बाबांची पिशवी काढून घेतली

“मॅडम, बाबांच्या मेंदूवर पांढरे ठिपके आलेत. म्हणजे डिमेन्शियाच ना? पुढे काय काय विसरतील, ते आधीच सांगून ठेवा.”

नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एमआरआय झाला की अशी विचारणा माझ्याकडे वरचेवर येते. वडील शेजारीच बसले होते, वय 71, एमआरआयचं मोठं पाकीट मांडीवर. पाकिटाचा दोरा बोटाला गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे.

चक्कर आली म्हणून एमआरआय काढला होता. रिपोर्टात ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकस ग्रेड 1’. दुसऱ्याच दिवशी बुधवार बाजारातून भाजी आणायची पिशवी नातवाकडे गेली, बँकेचं पासबुक मुलीच्या पर्समध्ये, स्कूटरची किल्ली कपाटात. सकाळचं गांधीसागरावरचं फिरणंही बंद. घरात कुणी रागावलं नव्हतं. सगळे घाबरले होते.

“काकाजी, तुम्हाला काय वाटतं?”

“मला तर सगळं आठवते जी. पण आता कोणी विचारतच नाही.”

या वाक्यानं मला त्या रिपोर्टापेक्षा जास्त काळजी वाटली.

मी मुलीला सांगितलं ते असं. मेंदूतला पांढरा भाग म्हणजे एका भागाचा निरोप दुसऱ्याकडे नेणाऱ्या तारा. त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की त्या कडक होतात, रक्त कमी पोचतं, तारांवरचं आवरण झिजतं आणि ती जागा एमआरआयवर पांढरी चमकते. 1987 पासून डॉक्टर याला 0 ते 3 असे फझेकस ग्रेड देतात. 1 म्हणजे सुटे ठिपके, 2 म्हणजे एकमेकांना जोडले जाऊ लागलेले, 3 म्हणजे मोठाले पट्टे. साठीनंतर थोडेफार ठिपके बहुतेकांना असतात. ग्रेड वाढत गेला तर पक्षाघाताचा आणि डिमेन्शियाचा धोका वाढतो, हे मी लपवलं नाही. पण डिमेन्शिया आहे की नाही, हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही. स्मरणशक्तीची तपासणी आणि माणूस रोजचे व्यवहार कसे करतो, हे पाहून डॉक्टर ठरवतात.

मग गोळ्यांचा विषय काढला. काकाजींनी खिशातून बीपीची स्ट्रिप काढली. दोन महिन्यांपूर्वी आणलेली, दहातल्या सहा गोळ्या तशाच.

“डोकं जड झालं की घेतो.”

मुलगी गप्प झाली. पासबुक सांभाळलं होतं, स्ट्रिप कुणी पाहिलीच नव्हती.

खरं काम इथे होतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात काहींचं वरचं बीपी 140 च्या खाली ठेवायचं होतं, काहींचं 120 च्या. चारेक वर्षांत ठिपके दोन्ही गटांत वाढले, पण 120 वाल्यांचे कमी वाढले. मात्र चक्कर येणाऱ्या माणसाचं बीपी किती खाली आणायचं, हे डॉक्टरच ठरवतील. म्हणून त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं. शुगर आणि बी-12 बघून घ्यायलाही सुचवलं. चक्करचं कारण कळेपर्यंत किल्ली कपाटातच राहू द्या, असं मीही म्हटलं. पिशवी, पासबुक आणि फिरणं मात्र त्याच आठवड्यात परत द्यायला सांगितलं, पहिले काही दिवस नातू सोबत.

महिन्याभरानं दोघं आले. वहीत रोजचं बीपी काकाजींच्याच अक्षरात. तरी मुलगी हळूच म्हणाली, “काल भाजी आणली, पण सांबार विसरले.” (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.)

“आधी कधी विसरायचे नाहीत?”

ती थांबली. “आई होती तेव्हाही विसरायचे. आई परत पाठवायची.”

“परत गेलो की कोपऱ्यावर चहा होते ना जी,” काकाजी म्हणाले. मुलीनं त्यांच्याकडे बघितलं आणि पर्समधून पासबुक काढून त्यांच्या हातात दिलं. ते महिनाभर तिथंच राहिलं होतं.