पेत्रोग्राडच्या पांढरपेशांनी पाठ का फिरवली?

प्रश्न : फेब्रुवारी १९१७ मध्ये झारशाही कोसळली, तेव्हा रशियाची त्या काळची राजधानी पेत्रोग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथील वकील, डॉक्टर, प्राध्यापकांनी आनंदाने लाल फिती लावल्या. तोच वर्ग ऑक्टोबरात कामगारांच्या नावाने आलेल्या सत्तेविरुद्ध गेला, तो केवळ स्वार्थापोटी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्वार्थ होताच, पण सगळे त्याच्याच माथी मारणे मला पटत नाही. पावाच्या रांगेतून रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांना आणि पुतिलोव कारखान्याच्या कामगारांना पाव हवा होता, युद्ध थांबायला हवे होते. पांढरपेशांना हवी होती राज्यघटना आणि निवडून आलेली संविधान सभा. झार जाईपर्यंत हा फरक झाकला गेला.

ऑक्टोबरात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाने, सत्ता घेताच मंत्रालयांतील अधिकारी आणि कारकून यांनी संप पुकारला, तर स्टेट बँकेने नव्या सरकारला पैसा देण्यास नकार दिला. डिसेंबरात स्थापन झालेल्या ‘चेका’ या गुप्त पोलीस यंत्रणेच्या पूर्ण नावात प्रतिक्रांतीच्या जोडीला ‘सॅबोटाज’ (कामात मुद्दाम घातलेला खोडा) हा शब्द आहे, त्यामागे हा लेखणीबंद संप मोठे कारण होता. आपण राज्याचे सेवक आहोत, बळाने आलेल्या पक्षाचे नव्हे, ही या माणसांची धारणा होती आणि ती मला खोटी वाटत नाही.

जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ५ जानेवारी १९१८ रोजी संविधान सभेच्या बाजूने निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या मोर्चात कारखान्यांतील कामगारही होते, हे मॅक्सिम गॉर्कीने आपल्या दैनिकात त्वेषाने लिहिले. गॉर्कीची साक्ष मी मोलाची मानतो, कारण तो दारिद्र्यातून वर आलेला आणि बोल्शेविकांना पैशांची मदत केलेला लेखक होता. जुलैत त्याचे दैनिक बंद करण्यात आले.

त्याआधीच संप विरला होता. पगाराविना घर किती महिने चालणार? पुष्कळ कारकून त्याच टेबलांवर परतले. पुढे शिधाही वर्ग पाहून मिळू लागला आणि ‘बूर्झ्वा’ (सुखवस्तू वर्गातले) ठरलेल्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आला. सुमारे तेवीस लाखांचे शहर १९२० पर्यंत सात लाखांच्या आसपास उरले. राहिलेल्यांनी ऊब मिळावी म्हणून फर्निचर आणि पुस्तके जाळली. जानेवारी १९२१ मध्ये लेनिनने खास हुकूम काढून शास्त्रज्ञ इव्हान पाव्लॉव यांना दुप्पट शिधा दिला, कारण त्यांच्यासारख्यांवाचून राज्य चालणार नव्हते. साध्या शिक्षकासाठी किंवा कारकुनासाठी असा हुकूम निघणार नव्हता.