आयटीआय वेल्डर आहे, अंबड एमआयडीसीत चार वर्षं नोकरी झाली. आता नाशिकमध्ये स्वतःचं काम सुरू करायचं तर वेल्डिंगशिवाय काय शिकावं लागेल?

आधी हिशेब. हात चांगला असलेले वेल्डर बुडतात ते कोटेशनमध्ये. ग्रिलचा दर शेजारच्या दुकानाकडे बघून सांगू नका, वजन काढा. गोल सळईचं सूत्र सोपं आहे: व्यास मिमीमध्ये, त्याचा वर्ग, भागिले 162, म्हणजे मीटरला किती किलो ते कळतं. 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो भरते. खिडक्यांना 40 मीटर लागली तर साधारण साडेपस्तीस किलो. त्याच्या किमतीवर कटिंगची घट, वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंग व्हील, प्रायमर, वीज, टेम्पो, फिटिंगला गेलेला दिवस आणि तुमची स्वतःची मजुरी. ही शेवटची गोष्ट सगळेच विसरतात, मीही पहिलं वर्षभर विसरलो होतो!

ॲडव्हान्स निदान मालाच्या किमतीएवढा घ्या. ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच. माप, सेक्शन (पाइप, अँगल, पट्टी कुठली ते), रंग सगळं व्हॉट्सॲपवर लिहून "ओके" मागवा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (नवीन उद्योगासाठी अनुदानासह कर्ज देणारी केंद्राची योजना) चौकशी करा.

काम कुठलं? गेट-ग्रिलमध्ये गर्दी आहे. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांचे मंडपाचे अँगल, ट्रॅक्टरची अवजारं यांची दुरुस्ती बघा. हंगामात शेतकरी दरापेक्षा वेळेला जास्त किंमत देतो.