निरी, चुणी की प्लेट?

प्रश्न असा आला आहे: "सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या नाटकासाठी आम्ही पोशाख शिवतोय. शिवणाऱ्या बायकांसाठी सूचना मराठीत लिहायच्या आहेत. घागऱ्याच्या कमरेशी उभ्या नळ्यांसारख्या ज्या दुमडी असतात, त्या 'कार्ट्रिज प्लीट'ला काय म्हणावं? मी लिहिलं होतं, 'घागऱ्याच्या निऱ्या कमरपट्टीला शिवाव्यात.' त्यावर आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, निऱ्या शिवत नाहीत, खोचतात."

माझं मत काकूंच्या बाजूनं. कापडाच्या दुमडीला मराठीत बरीच नावं आहेत आणि त्यातलं कुठलं कधी वापरायचं हे सोबतचं क्रियापद सांगतं. निऱ्या काढतात आणि खोचतात. त्या बोटांवर मोजल्या जातात, पोटाशी धरल्या जातात आणि लुगडं सोडलं की जातात. घडी पाडतात, तीही इस्त्रीनं, एका बाजूला झोपलेली. शाळेच्या स्कर्टला असते ती. शिंप्याकडे तिलाच प्लेट म्हणतात, ताटलीशी तिचा काही संबंध नाही. चुणीचं काम दोऱ्याचं. धावदोरा घालून ओढला की कापड गोळा होतं, त्या चुण्या. सुरकुती मात्र कोणी घालत नाही, ती पडते.

(शिवलेल्या तयार नऊवारीत निऱ्या चक्क टिपेनं पक्क्या केलेल्या असतात आणि तरी आपण त्यांना निऱ्याच म्हणतो, हे काकूंना सांगू नका.)

आता तुमची दुमड पाहू. कापडाची वरची कड आत मुडपायची. तिच्यावर धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालायच्या, तिसरीही चालते. वरच्या ओळीतला टाका जिथे, खालच्या ओळीतला बरोबर त्याच्याखाली. सगळे दोरे एकदम ओढले की कापड बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं मिटतं आणि नळ्या उभ्या राहतात. मग पट्टीला फक्त प्रत्येक नळीचा माथा एक-दोन टाक्यांनी जोडायचा, बाकीची नळी मोकळी. त्यामुळे घेर कमरेपासूनच बाहेर फुलतो. साध्या चुण्यांवरून पट्टीची टीप मारली की त्या चपट्या होतात, इथे तसं होत नाही.

हिशेबही सरळ आहे. कापड ३ मीटर घेतलं आणि टाका वर १ सेंटिमीटर, खाली १ सेंटिमीटर धरला, तर एका नळीला २ सेंटिमीटर जातात. म्हणजे १५० नळ्या. त्या ७० सेंटिमीटरच्या कमरेत बसवायच्या तर सेंटिमीटरला दोनाहून थोड्या जास्त येतात. टाका मोठा घेतला तर नळी खोल होते आणि संख्या कमी. मी एकदा नमुना करताना खालची ओळ नजरेच्या अंदाजानं घातली होती. नळ्या अशा वाकड्या झाल्या की सगळं उसवावं लागलं. तेव्हापासून चौकड्यांचं कापड आतून लावते, चौकडी मोजत टाके घालते.

म्हणजे ओढणारा दोरा आहे, तेव्हा जात चुणीचीच. फक्त ही चुणी मोजलेली आणि उभी आहे. मी तिला 'नळीदार चुणी' म्हणेन. 'काडतूस-चुणी' म्हणायचा मोह मलाही झाला, कारण इंग्रजी नाव काडतुसांच्या पट्ट्यावरून आलेलं आणि आपला 'काडतूस' पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच घरचे. पण इंग्रजी नाव त्या कपड्यांच्या नंतरचं आहे, आणि सूचनेत काडतूस वाचून शिवणाऱ्या बाईला काय बोध होणार? नळी लगेच डोळ्यांसमोर येते.

चुणी इतकी बारीक असू शकते का, ही शंका असेल तर जर्मन चित्रकार ड्यूररनं १४९८ मध्ये काढलेलं स्वतःचं चित्र बघा. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यातल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बारीक चुण्या वरच्या सोनेरी पट्टीखाली गोळा केलेल्या दिसतात. त्या काळचे उरलेले कपडे टाका न् टाका मोजून कागदावर उतरवायचं काम जॅनेट अर्नोल्ड (१९३२–१९९८) या इंग्लिश बाईंनी केलं. आज असे पोशाख नव्यानं शिवणारे बरेचसे तिच्याच आराखड्यांवर चालतात.

तुमच्या पोशाखात रफही असणार, म्हणजे गळ्याभोवतीची कडक, चुणीदार गोल कॉलर. त्याला 'झालर' म्हणू नका, झालर कडेला लोंबते. रफमध्ये दोन गोष्टी आहेत. गळपट्टीशी बारीक चुण्या, त्या शिवलेल्या. बाहेरच्या कडेला इंग्रजी आठासारखी वेटोळी, ती खळीनं कडक करून तापवलेल्या काठीवर बसवलेली. धुतलं की वेटोळी जायची, पुन्हा खळ, पुन्हा काठी. लंडनमध्ये ही कला १५६४ मध्ये फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमकडून) आलेल्या एका बाईनं आणली, असं तिथल्या बखरकारांनी लिहून ठेवलंय. खळ घालायला शिकवायचे ती चार-पाच पौंड घ्यायची आणि खळ शिजवायला शिकवायचे वीस शिलिंग वेगळे! 'खळ' शब्द आपल्याकडे आहेच, तिथे 'स्टार्च' लिहायचं कारण नाही.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: "घागऱ्याच्या वरच्या कडेला दोन ओळी धावदोरा घालून नळीदार चुण्या ओढाव्यात आणि प्रत्येक चुणीचा माथा कमरपट्टीला हातानं टाचावा." काकूंना वाचून दाखवा आणि 'टाचावा'वर त्या काय म्हणतात ते कळवा. मला अजून 'शिवावा' की 'टाचावा' हे ठरवता आलेलं नाही.