जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट ठेवू की नुसता विंडो मॅनेजर?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप चालतंय, आणि आय-थ्रीचे (खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा नुसता विंडो मॅनेजर) व्हिडिओ पाहून डेस्कटॉप काढून टाकावा असं मनात आलंय. काम ऑनलाइन फॉर्मचं आणि मराठी टायपिंगचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझंही हेच काम आहे. मी दोन्ही वापरतो, म्हणून सांगतो.

फक्त रॅमसाठी करत असाल तर राहू द्या भाऊ. आय-थ्रीने काहीशे एमबी वाचतील, पण पीक विम्याचं पोर्टल, सातबाराचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एकदम उघडलं की ब्राउझर तेवढी जागा लगेच गिळतो. त्यापेक्षा झेड-रॅम (रॅममधला डेटा दाबून जागा करणारी लिनक्सची सोय) चालू करा, आणि अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. वेग तिथे मिळतो.

आता मुख्य गोष्ट. विंडो मॅनेजरचं काम एवढंच की कोणती खिडकी कुठे, केवढी, कोणाच्या वर. तो तुमच्या एक्सएफसीईतही आहेच, एक्सएफडब्ल्यूएम-फोर नावाने. केडीई आणि ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपांतही असतो: केडीईत केविन, ग्नोममध्ये मटर. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे घरचा सालगडी: वायफायचं चिन्ह, पेन ड्राइव्ह आपोआप उघडणं, ब्राइटनेसच्या कळा, बॅटरीचा इशारा, हे सगळं न सांगता बघतो. आय-थ्रीत यातलं बरंच काही तुम्हाला एकेक बोलावून कामाला लावावं लागतं.

आपल्याकडे यात बॅटरीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लाइन गेली, गिऱ्हाईक समोर, अर्धा फॉर्म भरलेला. एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर आधी इशारा देतो आणि ठरवून दिलं तर वेळेवर लॅपटॉप झोपवतो. नुसत्या आय-थ्रीत खालच्या पट्टीवर टक्के दिसतात, पण तिकडे ध्यान नसलं तर स्क्रीन काळी झाल्यावरच कळतं. उपाय सोपा आहे: होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात आय-थ्रीची साधी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात ‘एक्झेक’ने सुरू होणारी एक ओळ लिहून एक्सएफसीईचाच पॉवर मॅनेजर सुरू करायचा. तो तिथेही मुकाट्याने काम करतो. मराठी कीबोर्डसाठी आय-बसची (भाषेचा कीबोर्ड बदलून देणारा प्रोग्राम) अशीच एक ओळ टाका, नाहीतर लॉगिन केल्यावर कधीकधी इनस्क्रिप्ट येत नाही आणि तुम्ही उगाच फॉन्टला दोष देत बसाल. प्रिंटरची चिंता नको, कप्सला, म्हणजे लिनक्सच्या छपाईच्या व्यवस्थेला, डेस्कटॉपशी देणंघेणं नाही.

फाइल बदलली की मॉड (आय-थ्रीची मुख्य कळ, ती सुरुवातीला निवडायची असते), शिफ्ट आणि सी एकत्र दाबा, लगेच लागू होते; ‘एक्झेक’च्या ओळी मात्र पुढच्या लॉगिनलाच चालतात. ओळ चुकली तर आय-थ्री वर लाल पट्टी दाखवतं. हे मला फार आवडतं. ग्नोमच्या सेटिंग डीकॉन्फ नावाच्या डेटाबेसमध्ये जातात, एक्सएफसीईच्या एक्सएमएल फायलींत. त्या हाताने उघडून वाचायच्या नसतातच. आय-थ्रीची फाइल मात्र वाचता येते, पेन ड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या मशीनवर तशीच टाकता येते. डीडब्ल्यूएम या दुसऱ्या विंडो मॅनेजरच्या नादी सध्या लागू नका, तिथे सेटिंग बदलायची तर सी भाषेतली फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) हवं असेल तर स्वे हा विंडो मॅनेजर आहे, आय-थ्रीची फाइल त्याला जवळपास जशीच्या तशी चालते.

तरीही टायपिंगवाल्याला आय-थ्री का? हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. डावीकडे कागदपत्राचा स्कॅन, उजवीकडे फॉर्म, मध्ये माऊस नाही. फक्त एवढंच हवं असेल तर एक्सएफसीईतही विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये कीबोर्डचा भाग उघडा. खिडकी अर्ध्या स्क्रीनवर डावी-उजवीकडे बसवायला तिथे कळा ठरवता येतात. कित्येकांचं काम इथेच भागतं.

म्हणून एक्सएफसीई काढू नका. आय-थ्री सोबत इन्स्टॉल करा, लॉगिनच्या वेळी सेशन निवडायचं चिन्ह असतं, तिथून पाहिजे ते घ्या. पहिल्यांदा उघडलं की ते फाइल बनवू का आणि मॉड म्हणून कोणती कळ घेऊ असं विचारेल, तेव्हा विंडोजची कळ घ्या, कारण ऑल्ट ब्राउझरला लागते. फॉर्मची गर्दी नसेल अशा दिवशीच सुरुवात करा, विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात नको.