आधी माप बघ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. तिमाहीत शेजारच्या टेबलावरच्या पोराने 41 तिकिटं, म्हणजे सिस्टिमवर नोंदवलेली कामं, बंद केली, तू 9. त्याला वरचं रेटिंग, तुला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. आणि तू विचारतोस, "मावशी, मी कमी पडलो का?" कमी नाही पडलास रे, माप बघितलं नाहीस. उद्दिष्टांची जी शीट तू न वाचता 'ॲक्नॉलेज' केलीस, तिच्यात तिकीट क्लोजरला 40 टक्के वजन आहे. स्क्रीनशॉट तूच पाठवलायस!

त्या पोराला लबाड म्हणू नकोस. एका बगची चार तिकिटं केली त्याने: शोध, दुरुस्ती, टेस्ट, डॉक्युमेंट. माप वाचलं आणि मापात बसला. मापट्याने ज्वारी मोजणाऱ्यासमोर कणसं घेऊन गेलं तर तो शून्यच लिहिणार.

सपोर्टचं बघ. पी-टू, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या तातडीच्या तिकिटाला चार तासांचा एसएलए, म्हणजे ग्राहकाला कबूल केलेली मुदत, असते. तीन तास पन्नास मिनिटं झाली की कोणीतरी लिहितं, "कृपया लॉग पाठवा", आणि तिकीट 'वेटिंग फॉर कस्टमर'मध्ये जातं. तिथे घड्याळ थांबतं. लॉग, म्हणजे सिस्टिमने केलेल्या नोंदी, ग्राहकाने पहिल्याच मेलला जोडलेला असतो, पण डॅशबोर्ड हिरवागार. कव्हरेजचंही, म्हणजे टेस्टमध्ये किती टक्के कोड चालला त्या आकड्याचंही, तेच. 80 टक्क्यांखाली बिल्ड अडते म्हटलं की टेस्टमध्ये फंक्शन नुसतं बोलावतात आणि असर्ट, म्हणजे उत्तर तपासणारी ओळ, लिहीतच नाहीत. टूल फक्त ओळ चालली का एवढंच मोजतं. उत्तर बरोबर आलं का, हे विचारण्याचं काम असर्टचं. मग रक्कम चुकीची आली तरी टेस्ट पास. आणि स्टोरी पॉइंट, कामाच्या आकाराचा तो अंदाजी आकडा? व्हेलॉसिटी, म्हणजे ठरावीक काळात संपवलेले पॉइंट, वाढवा म्हटलं की गेल्या वर्षीचं 3 चं काम यंदा 8 चं होतं. काम तेवढंच, आलेख मात्र देखणा.

आता तू प्रोग्रामर बिल ॲटकिन्सनचं उदाहरण तोंडावर फेकणार, माहीत आहे मला. 1982 मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरच्या टीममध्ये दर आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायचं होतं. त्याने क्विकड्रॉचा, म्हणजे स्क्रीनवर चित्रं काढणाऱ्या कोडचा, एक भाग नव्याने लिहिला, तो सुमारे सहापट वेगवान केला आणि कोड कमी झाला म्हणून फॉर्मवर लिहिलं: उणे 2000. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. गोष्ट मलाही आवडते. पण ते क्विकड्रॉ होतं, आणि तू ॲटकिन्सन नाहीस. अजून तरी.

आणि आपण गीक मंडळी फार सोवळी आहोत असंही समजू नकोस. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टना, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेल्या बदलांना, टी-शर्ट मिळायचा. 2020 मध्ये लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, 'अमेझिंग प्रोजेक्ट' अशी शेपटं जोडून इतका कचरा पाठवला की आयोजकांना भर ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: ज्या रिपॉझिटरीने (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याने) स्वतःहून हो म्हटलंय, तिथल्याच रिक्वेस्ट धरणार. एका टी-शर्टासाठी! मॅनेजरला हसण्याआधी हे आठव.

चांगलं मापही असतं. आपलं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत सलग सात वेळा पहिलं आलं. सकाळी कचऱ्याचा गाडीवाला दारात ओला-सुका वेगळा केलाय का ते बघतो. नुसत्या वजनावर पैसे ठरले असते तर गाड्यांत विटा-माती भरून आली असती.

तर काम असं कर. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं, एक फाइल, तीन ओळी: काय मोडलं होतं, काय केलं, कोणता आकडा हलला. "पेमेंटचं रिट्राय दुरुस्त केलं" ही ओळ कुणाला कळत नाही. "दुहेरी कापलेल्या पैशांच्या तक्रारी आठवड्याला 14 वरून 1 वर" ही कळते. आणि आधीचा आकडा दुरुस्तीच्या आधी टिपून ठेव. लॉग बहुतेक ठिकाणी महिनाभरात पुसले जातात; मग 14 कुठून आणणार? कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळे मॅनेजर मिळून रेटिंग ठरवतात त्या बैठकीत तुझ्या मॅनेजरला तुझ्यासाठी दोन-चार मिनिटं मिळतात, तीही इतर मॅनेजरांशी भांडत. जिथे बेल कर्व्ह आहे, म्हणजे वरच्या-खालच्या रेटिंगांचा वाटा आधीच ठरलेला आहे, तिथे कुणालातरी खाली ढकलल्याशिवाय तू वर जात नाहीस. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत 2013 मध्ये सोडली, पण आपल्याकडे कुठे कुठे अजून मुरलेली आहे. मॅनेजरच्या हातात वाक्य तुझं हवं.

शीटवरही भांड, पण तिमाहीच्या सुरुवातीला. शेवटी भांडलास तर ती कुरकुर ठरते.

मी स्वतः मापाकडे पाठ फिरवून बसले आणि त्याची किंमत पगारात मोजली. त्याची खंत आहे, नाही असं नाही. पण असर्ट नसलेली टेस्ट मी आजही मुख्य कोडमध्ये मर्ज होऊ देत नाही, आणि त्याबद्दल मला कुणी शहाणपण शिकवू नये. माप वाचणं वेगळं, मापापुरतं जगणं वेगळं. हे माझं समर्थन वाटत असेल तर वाटू दे.

राहिली ती स्टार्टअपची 18 लाखांची ऑफर. तिथेही आधी माप बघ. फिक्स्ड 11, व्हेरिएबल 2, जॉइनिंग बोनस 1, ईसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) 4. हे 4 चार वर्षांचे मिळून आहेत, आणि सीटीसीत, म्हणजे कंपनीने दाखवलेल्या वर्षाच्या एकूण पॅकेजात, एकाच वर्षी मांडलेत! म्हणजे वर्षाचा 1, तोही कागदावर. ग्रँटपासून, म्हणजे ईसॉप दिल्यापासून, किमान एक वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, म्हणजे हक्क तुझा होत नाही, हा कायदाच आहे. एक्सरसाइज करताना, म्हणजे पैसे भरून शेअर घेताना, बाजारमूल्य आणि एक्सरसाइज किंमत यांच्यातला फरक पगारात धरून कर लागतो, शेअर विकला नसलास तरी. म्हणून विचार: एकूण शेअर किती, एक्सरसाइज किंमत किती, नोकरी सोडल्यावर किती दिवसांत एक्सरसाइज करायचं. पुष्कळ ठिकाणी 90 दिवस. बोनस वर्षाच्या आत परत द्यावा लागला तर कर कापून हातात आलेला द्यायचा की पूर्ण लाख, तेही लेखी घे. व्हेरिएबलपुढे 'अप टू' आहे का बघ. असेल तर ते 2 शून्यच धर.

रविवारी सकाळी ये, पोहे-जिलबी आणून ठेवते. ऑफर लेटर छापून आण. फोनवर बोटांनी मोठं करून दाखवू नकोस, मला पेन्सिल लागते. आणि ती शीटही आण.

तुझी मावशी